लायनरची माती कशी पारखावी

लायनर म्हणजे कचऱ्यातला द्राव जमिनीत झिरपू नये म्हणून लँडफिलच्या (कचराभूमीच्या) तळाशी दाबून घातलेला मातीचा थर. त्याच्या मातीचा अहवाल हातात आला की बहुतेक जण सरळ शेवटचं पान उघडतात. तिथे पाझराचा एक आकडा असतो. तो मर्यादेच्या आत दिसला की माती पास. सुरुवातीची काही वर्षं मीही हेच करत होते. मग एका कामावर, लॅबने मर्यादेच्या निम्म्याहून कमी पाझर दाखवलेल्या मातीचा चाचणी-पट्टा आम्ही जागेवर घातला आणि त्यावर पाणी उभं केलं. तो लॅबच्या आकड्याच्या तीसेक पट पाझरला. पाण्यात निळा रंग मिसळून पट्टा पुन्हा भिजू दिला आणि फावड्याने उभा कापला. रंग मातीत भिनलाच नव्हता. तो ढेकळांच्या कडेकडेने खाली उतरला होता. एकेक ढेकूळ आतून जसंच्या तसं, आणि भोवती निळी किनार.

त्यानंतर माझा पहिला प्रश्न बदलला. माती पाणी किती अडवते हे मी नंतर विचारते. आधी पाहते की ती मळता येते का, तिची ढेकळं रोलरच्या पायाखाली मोडून एकजीव होतात का. ज्यांना लँडफिलच्या तळासाठी नैसर्गिक माती निवडायची आहे, त्यांच्यासाठी माझी पद्धत पुढे देते आहे.

मर्यादा म्हणजे नेमकं किती

बहुतेक नियमांत मातीच्या लायनरसाठी एकच मर्यादा दिसते: पाझराचा वेग सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून जास्त नको. जाडी मात्र वेगवेगळी आहे. अमेरिकेच्या १९९१ च्या नियमांत प्लास्टिकच्या पडद्याखाली ६० सेंटिमीटर माती लागते, तर भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत ९० सेंटिमीटर. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशात साध्या कचऱ्यासाठी १ मीटर आणि घातक कचऱ्यासाठी ५ मीटर जाडीचा नैसर्गिक अडथळा किंवा तितकंच संरक्षण देणारी रचना सांगितली आहे.

कोटीवा भाग ऐकायला नगण्य वाटतो, म्हणून नव्या सहकाऱ्याला मी एक गणित करायला लावते. ९० सेंटिमीटरचा लायनर आहे, वर ३० सेंटिमीटर लीचेट साचलंय. लीचेट म्हणजे कचऱ्यातून झिरपून खाली आलेला काळपट द्राव. फ्रेंच अभियंता दार्सीने १८५६ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे उतार, म्हणजे पाण्याच्या उंचीतला फरक भागिले थराची जाडी, आला १.३३. एका हेक्टरमधून दिवसाला साधारण ११५० लिटर द्राव खाली जातो, तोही लायनर नियमाप्रमाणे पास झालेला असताना, फक्त वरचा प्लास्टिकचा पडदा धरलेला नाही. माती दहापट जास्त पाझरणारी निघाली तर तेच साडेअकरा हजार लिटर. आता वेळेचा हिशोब: मातीत ४० टक्के पोकळी धरली, तर पहिला थेंब ९० सेंटिमीटर पार करायला साडेआठ वर्षं घेतो. दहापट पाझरणाऱ्या मातीत तो वर्षभरातच खाली पोचतो. विहिरीच्या पाण्याच्या दृष्टीने या दोन गोष्टींत फार मोठं अंतर आहे, आणि ते अंतर आपण माती निवडतो त्या आठवड्यातच ठरतं.

लॅबच्या आधी हात

जागेवर जाताना मी पाण्याची बाटली, चाकू, काचेचे दोन पेले आणि बऱ्याच जाड पिशव्या नेते. चाचणीखड्डे यंत्राने खोदून घ्या, निदान अडीच-तीन मीटर खोल. बोअरमधून माती दिसते, पण तिचा पोत दिसत नाही. खड्ड्याच्या भिंतीला चाकूने ताजा छेद द्या आणि वरून खाली सावकाश पाहा. राखाडी मातीत गंजाच्या रंगाच्या उभ्या रेषा दिसल्या तर त्या वाटेने हवा-पाणी खेळलंय. गुळगुळीत, चकचकीत, तिरके पृष्ठभाग दिसले तर माती फुगते-आकसते आणि आतल्या आत घसरते. मुळांची भोकं किती खोलवर जातात तेही मोजा. वाळूची बोटभर जाडीची पट्टी असेल तर ती शेजारच्या खड्ड्यातही त्याच खोलीवर आहे का, ते बघा.

मग मूठभर माती हातात घ्या. ओली करून तळहातावर दुसऱ्या हाताने थोपटा. पाणी चटकन वर येऊन चमकलं आणि मुठीत दाबल्यावर नाहीसं झालं, तर त्यात गाळमाती जास्त आहे. चिकणमाती असा प्रतिसाद देत नाही. तीच माती वळून दोरी करा. ३ मिलिमीटर जाडीची दोरी तुटण्याआधी पुन्हा गोळा करून पुन्हा वळता येते का, आणि गोळा दाबताना बोटांना किती जोर लागतो? जोर लागला तर चांगली खूण. वाळलेला खडा बोटांनी चिरडून बघा. पीठ झालं तर ती आपली माती नव्हे, आणि दोन्ही अंगठ्यांनीही फुटला नाही तर पुढे ढेकळांचा त्रास होणार हे आत्ताच वहीत लिहून ठेवा.

काचेचे पेले यासाठी: शुद्ध पाण्यात मातीचा लहानसा खडा अलगद सोडायचा आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. खडा ढासळून ढीग झाला तरी चालेल. पण त्याच्याभोवती ढगासारखं गढूळ वलय पसरत गेलं, तर माती विखुरणारी आहे. तिच्यात सोडियम जास्त असतो, कण एकमेकांना धरून राहत नाहीत, आणि वाहत्या पाण्याने तिला आतून भोकं पडत जातात. अशा खड्ड्याच्या पिशवीवर मी लाल फीत बांधते आणि लॅबमध्ये पिनहोल चाचणी लावते. सुईएवढ्या भोकातून पाणी सोडून भोक रुंदावतं का ते पाहणारी ही साधी चाचणी आहे. मर्यादेत बसणारा पाझर आणि विखुरणारा स्वभाव, दोन्ही एकाच मातीत असू शकतात, म्हणून पाझराचा आकडा चांगला आला तरी ही चाचणी गाळू नका.

किती नमुने, कुठून

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच भांड्यात एकाच आचेवर शिजलेली असतात. खाणीतली माती तशी नसते. एक हेक्टर लायनर ९० सेंटिमीटर जाड करायचा तर दाबलेली माती ९००० घनमीटर लागते. खाणीत मी त्याच्या सव्वापट तरी चांगली माती सापडली पाहिजे असं धरते, कारण वरचा मुळांचा थर, दगडगोटे आणि वाळूचे पट्टे काढून टाकावे लागतात.

ओलाव्याचा नमुना मी साधारण २००० घनमीटरला एक, चाळणी आणि अॅटरबर्ग मर्यादा (माती कोणत्या ओलाव्याला मळण्याजोगी आणि कोणत्या ओलाव्याला पातळ होते ते) ५००० घनमीटरला एक, प्रॉक्टर (कोणत्या ओलाव्याला माती सर्वांत घट्ट दाबली जाते ते पाहणारी चाचणी) तेवढ्यालाच एक आणि पाझर १०,००० घनमीटरला एक घेते. हे किमान प्रमाण समजा. मातीचा रंग किंवा पोत बदलला की घनमीटर मोजत बसू नका, लगेच नवा नमुना घ्या. आणि दोन थरांची माती एकाच पिशवीत कालवू नका. सरासरी नमुना कागदावर सुंदर दिसतो, पण यंत्राचं बकेट सरासरी माती उचलत नाही. ते एकदा चिकणमाती उचलतं आणि पुढच्या खेपेला वाळू.

ओलाव्याच्या पिशवीचं तोंड जागेवरच घट्ट बांधा. नैसर्गिक ओलावा हा या कामातला फार मोलाचा आकडा आहे. माती दाबायला हवा तेवढा ओलावा आणि खाणीत असलेला ओलावा यांत सात-आठ टक्क्यांचा फरक असेल, तर हजारो घनमीटर मातीला पाणी पाजायचं किंवा वाळवायचं काम पुढे उभं आहे. माती कितीही चांगली असली तरी हा फरक तिला नापास करू शकतो.

चाळणी आणि अॅटरबर्ग

इथे थोडक्यात आटपते, कारण हे आकडे माती निवडून देत नाहीत, फक्त नालायक माती बाजूला काढतात. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून निदान ३० टक्के माती खाली पडली पाहिजे. २ मायक्रॉनहून बारीक, म्हणजे खरी चिकणमाती, १५ टक्के तरी हवी. प्लास्टिसिटी इंडेक्स, म्हणजे लिक्विड लिमिट (माती पातळ होऊन वाहू लागते तो ओलावा) आणि प्लास्टिक लिमिट (दोरी वळताना तुटू लागते तो ओलावा) यांमधलं अंतर, निदान ७ हवं. मी स्वतः १० च्या खालची माती जपूनच घेते. खडी ३० टक्क्यांपर्यंत चालते, कारण तोवर खडे चिकणमातीत सुटे सुटे बुडालेले राहतात. त्यापुढे खडे एकमेकांना टेकतात आणि मधल्या पोकळ्या भरायला माती पुरत नाही. जागेवर मात्र खडी ट्रकमधून ओतताना एका बाजूला गोळा होते, हे लॅबच्या टक्केवारीत दिसत नाही. प्लास्टिकच्या पडद्याला लागून असलेल्या सगळ्यात वरच्या थरात तर टोकदार खडा एकही नको.

इंडेक्स जितका जास्त तितकी माती चांगली, असं कुणी सांगितलं तर मानू नका. ३० च्या वर गेलं की माती ओली असताना रोलरच्या पायांना चिकटते आणि वाळली की दगडासारखी ढेकळं करते. ४० च्या वरची माती मला समोर दिसली की मी आधी विचारते, मळायला यंत्र कोणतं आहे आणि पाणी मुरायला वेळ किती आहे. मला सर्वांत आवडते ती १५ ते २५ मधली, किंचित वाळू असलेली माती. ती ओलावा पटकन सगळीकडे घेते आणि वाळताना कमी आकसते.

हायड्रोमीटरची, म्हणजे पाण्यात कण किती वेगाने खाली बसतात ते पाहणारी, चाचणी करताना मातीचे कण सुटे करणारं सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट ताजं कालवलेलं आहे का, एवढं नक्की विचारा. जुन्या द्रावणात कण गठ्ठे करून लवकर खाली बसतात आणि चिकणमातीची टक्केवारी कमी निघते. त्यामुळे एकदा चांगली माती मी जवळजवळ नाकारली होती.

दाबणी: इथेच खरी पारख

प्रॉक्टरची चाचणी १९३३ पासून चालत आली आहे ती धरणांच्या आणि रस्त्यांच्या भरावासाठी. तिथे ताकद हवी असते, म्हणून घनता महत्त्वाची. त्याच सवयीने लायनरच्या कामावरही लिहिलं जातं, ‘कमाल घनतेच्या ९५ टक्के’. हे वाक्य एकटं असेल तर ते धोक्याचं आहे. कमाल घनतेच्या ९५ टक्के घनता दोन ठिकाणी मिळते, ओएमसीच्या, म्हणजे कमाल घनता देणाऱ्या ओलाव्याच्या, कोरड्या बाजूला आणि ओल्या बाजूला. घनता तीच, पण कोरड्या बाजूचा पाझर ओल्या बाजूच्या शंभरपट किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. मिचेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये हे मोजून दाखवलं. कोरडी ढेकळं कडक असतात, रोलरखाली ती नुसती एकमेकांना टेकून बसतात आणि मधल्या फटी तशाच राहतात. ओलं ढेकूळ मऊ असतं, चेपलं जातं, फटी बुजतात.

म्हणून मी एका मातीला एक प्रॉक्टर करत नाही, तीन करते. पहिली मॉडिफाइड, साडेचार किलोच्या हातोडीची. दुसरी नेहमीची स्टँडर्ड, अडीच किलोची हातोडी, ३० सेंटिमीटरवरून, तीन थर, थराला २५ घाव. तिसरी तशीच, पण २५ ऐवजी १५ घाव. हा तिसरा प्रकार जागेवर रोलर कमी फिरला तर काय होईल ते दाखवतो. प्रत्येकीत पाच-सहा ओलावे. असे पंधरा-अठरा नमुने तयार होतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा पाझर मोजायचा. खर्चाची तक्रार होते हे खरं, पण इथे वाचवलेले दहा नमुने पुढे आख्खा थर उपसायला लावतात.

मग एक आलेख काढा: आडवा ओलावा, उभी कोरडी घनता. ज्या नमुन्याचा पाझर मर्यादेत बसला त्याचं वर्तुळ भरून काढा, ज्याचा नाही बसला त्याचं पोकळ ठेवा. भरलेली वर्तुळं एका बाजूला गोळा होतात आणि त्यांच्याभोवती एक पट्टा आपोआप दिसायला लागतो. त्याची डावी कड साधारण तिन्ही प्रॉक्टरच्या शिखरांना जोडणाऱ्या रेषेजवळून जाते, जिथे पोकळ्यांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास पाण्याने भरलेल्या असतात. हा विचार डॅनियल आणि बेन्सन यांनी १९९० मध्ये मांडला. माझ्या मते या विषयातलं एवढं उपयोगी चित्र दुसरं नाही. साइटवरच्या माणसाला ‘९५ टक्के’ असं सांगण्याऐवजी हा पट्टा छापून द्या. मोजलेला ठिपका पट्ट्यात पडला की थर पास, बाहेर पडला की पुन्हा मळा.

पट्टा अजून पुरा झालेला नाही. उजवीकडे, म्हणजे फार ओल्या बाजूला, माती मऊ होते आणि वरच्या कचऱ्याच्या वजनाखाली सरकू शकते. तिथल्या नमुन्यांची ताकद मोजा. २०० किलोपास्कलच्या खालचे मी पट्ट्याबाहेर काढते. शिवाय ओली माती वाळताना तडकते, म्हणून तेच नमुने वाळवून किती आकसतात ते मोजा. आकारमानात ४ टक्क्यांपेक्षा जास्त आकसणारे बाहेर. काही मातींत पाझर, ताकद आणि आकसणं या तिन्हींच्या अटी लावल्यावर पट्टा इतका बारीक उरतो की कोणत्याच रोलरवाल्याला तो रोज गाठता येणार नाही. ओलाव्यात निदान तीन टक्क्यांची मोकळीक उरली नाही तर मी माती नाकारते. मग तिचा पाझराचा आकडा कितीही देखणा असो.

ढेकळांचा आकार लॅबमध्येही जपा

प्रॉक्टरसाठी माती कुटून ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. साइटवर ढेकळं मुठीएवढी असतात, कधी डोक्याएवढी. म्हणजे लॅबने जी माती तपासली ती साइटवर कधी अस्तित्वातच नसते. माझ्या निळ्या रेषांचं मूळ इथेच होतं. तेव्हापासून मी एक जादा संच करून घेते: माती फक्त १९ मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची, मोठ्या साच्यात तीच दाबणी द्यायची आणि पाझर मोजायचा. बारीक कुटलेल्या आणि जाड ढेकळांच्या संचात ओल्या बाजूला फारसा फरक नसेल, तर माती मऊ पडते आणि मळली जाते. फरक दहापटीचा असेल, तर या मातीला साइटवर रोटाव्हेटर, जास्त पाणी आणि मुरायला जास्त वेळ लागणार हे अहवालात स्पष्ट लिहा.

पाणी मुरणं म्हणजे शिंपडून लगेच दाबणं नव्हे. लॅबमध्ये पाणी कालवलेली माती पिशवीत बांधून निदान रात्रभर ठेवा. जास्त चिकट मातीला दोन-तीन दिवस द्या. मग एक ढेकूळ कापा. कडेला गडद आणि मध्यात फिकट दिसलं तर पाणी अजून आत पोचलेलं नाही, आणि तुमचा ओलाव्याचा आकडा फक्त सरासरी आहे.

पाझराची चाचणी नीट झाली का, हे कसं ओळखायचं

कडक साच्यातल्या चाचणीत माती किंचित आकसली तरी पाणी कडेने निसटतं. लवचिक रबरी आवरणाच्या सेलमध्ये आवरण नमुन्याला चिकटून बसतं, म्हणून मी तीच मागते. पण तिच्यातही आकडा हवा तसा वळवता येतो, म्हणून अहवालात चार गोष्टी शोधा. पहिली, सेलचा दाब. फार जास्त दाबाने नमुन्यातल्या फटी मिटतात आणि पाझर खोटाच कमी दिसतो. लायनरसाठी ३५ किलोपास्कलच्या आसपासचा परिणामी दाब (सेलच्या दाबातून नमुन्यातल्या पाण्याचा दाब वजा करून उरणारा) पुरतो. दुसरी, उतार ३० पेक्षा जास्त नको. तिसरी, नमुना पूर्ण भिजलेला होता का, बी-गुणांक (पोकळ्या पाण्याने कितपत भरल्या ते दाखवणारा आकडा) ०.९५ च्या वर असल्याची नोंद हवी. चौथी, पाणी कोणतं वापरलं. शुद्ध उर्ध्वपातित पाण्याने चिकणमातीचे कण सुटे होतात आणि पाझर कमी दिसतो. थोडे क्षार असलेलं पाणी खरं चित्र दाखवतं.

आणि एक साधा हिशोब तुम्ही स्वतः करा. १० सेंटिमीटर व्यासाचा, तेवढ्याच उंचीचा नमुना, उतार ३०, पाझर मर्यादेवर. दिवसाला फक्त २० मिलिलिटर पाणी बाहेर येतं. त्याच्या आतल्या पोकळ्या तीनशे-सव्वातीनशे मिलिलिटरच्या, म्हणजे एकदा सगळं पाणी बदलायला पंधरा दिवस. माझ्याकडे एकदा मर्यादेच्या विसाव्या भागाइतका पाझर दाखवणारा अहवाल आला आणि चाचणीचा काळ लिहिला होता सहा तास. सहा तासांत जेमतेम पाव मिलिलिटर पाणी बाहेर येऊ शकतं. नळीतला एक बुडबुडाही त्याहून मोठा असतो. मी तो अहवाल परत पाठवला.

खऱ्या लीचेटची चाचणी याहून लांबते, कारण त्या द्रावाने पोकळ्या निदान दोनदा भरून निघाल्या पाहिजेत, म्हणजे महिनाभर. ती करायची की नाही, हे मी मातीच्या स्वभावावर ठरवते. केओलिनाइट हे कमी फुगणारं चिकणमातीचं खनिज जास्त असलेली माती फारशी बदलत नाही. मॉन्टमोरिलोनाइटची, खूप फुगणारी माती मात्र पाण्यात छान आणि तीव्र क्षारांच्या द्रावात वेगळीच वागते: कॅल्शियम आत येऊन सोडियमची जागा घेतो, कणांभोवतीचं पाण्याचं आवरण पातळ होतं, कण गठ्ठे करतात आणि वाटा मोकळ्या होतात. औद्योगिक कचरा किंवा रसायनं येणार असतील तर ही चाचणी टाळू नका.

माती जागेवरच चांगली असेल तर

कधी कधी तळाखाली निसर्गतःच चिकणमातीचा जाड थर असतो आणि कुणीतरी म्हणतं, मग खोदून पुन्हा दाबायची कशाला? प्रश्न रास्त आहे. अशा थराची जाडी, सलगपणा आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी आधी पाहा. पण मला भीती वाटते ती भेगांची. वरच्या दोन-चार मीटरांत ऊन-पावसाने आणि मुळांनी भेगा पाडलेल्या असतात. ७ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत आलेला नमुना दोन भेगांच्या मधला असेल तर लॅबचा आकडा उत्तम येतो, आणि त्या थराचा खरा पाझर त्याच्या कैकपट असतो. म्हणून इथे नळीच्या नमुन्यावर विसंबू नका. बोअरमध्येच पाण्याची पातळी बदलून चाचणी घ्या आणि मोठे खड्डे खोदून भेगांची खोली मोजा. भेगांचा भाग उपसून, मळून, थराथराने पुन्हा दाबणं आणि खालची न भेगाळलेली माती तशीच ठेवणं, हा मार्ग मला बहुतेक वेळा पटला आहे.

शेवटची परीक्षा चाचणी-पट्ट्यावर

लॅबमध्ये पास झालेल्या मातीचा खरा निकाल चाचणी-पट्ट्यावर लागतो. डॅनियलने १९८४ मध्ये मातीच्या अस्तराच्या तळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा जागेवरचा पाझर लॅबच्या आकड्याच्या १० ते १००० पट निघाला होता. तेव्हा आमचा तीसपटीचा अनुभव जगावेगळा नव्हता.

पट्टा रोलरच्या रुंदीच्या निदान तिप्पट रुंद ठेवा आणि प्रत्यक्ष कामावर येणार तोच रोलर वापरा. रोलरचे पाय लांब हवेत, सुट्या थराच्या आरपार जाऊन खालच्या थरात रुतणारे, म्हणजे दोन थर एकमेकांत मळले जातात. सुटा थर २०-२२ सेंटिमीटरचा, दाबून १५ चा. पुढचा थर टाकण्याआधी खालचा ओरखडून घ्या, नाहीतर दोन थरांमध्ये पाण्याला आडवी वाट मिळते. वर पाणी किती मुरतं ते मोजणारं सीलबंद दुहेरी कडं बसवा. बाहेरचं साधारण ३.६ मीटरचं, आतलं दीड मीटरचं. चाचणीला कित्येक आठवडे लागतात. तोवर पट्टा उघडा टाकू नका. एका कामावर पट्ट्याची एक कड दोन दिवस ताडपत्रीविना राहिली आणि तिथे बोट आत जाईल एवढ्या भेगा पडल्या. तीच माती, तोच रोलर, पण तो भाग आम्हाला उपसून पुन्हा दाबावा लागला.

चाचणी-पट्टाही नापास झाला तर माती सोडण्याआधी एकदा बेंटोनाइटचा, म्हणजे खूप फुगणाऱ्या चिकणमातीच्या पुडीचा, विचार करा. वाळूसर, कमी चिकट मातीत वजनाच्या ५ ते १० टक्के बेंटोनाइट नीट मिसळला तर ती सुधारते. ढेकळं करणाऱ्या जाड चिकणमातीत मात्र त्याने काहीच साधत नाही, तिचं दुखणं वेगळं आहे.

अहवालासोबत मी साइटवर तीन बंद बरण्या पाठवते. तिन्हींत त्याच खाणीतली माती असते: एकीत आलेखातल्या पट्ट्याच्या डाव्या कडेबाहेरची, कोरडी, दुसरीत पट्ट्याच्या मध्यावरची, तिसरीत उजवीकडची, जास्त ओली. रोलर चालवणारा आणि मुकादम रोज सकाळी मधल्या बरणीतली माती बोटांत दाबून बघतात आणि मग पसरलेल्या थरातलं एक ढेकूळ फोडतात. दर सोमवारी बरण्यांतली माती बदलावी लागते, कारण झाकण कितीही घट्ट असलं तरी ती हळूहळू वाळते.